कान खात्याचे

आमच्या गावात माणसांना नावं होती, पण आप्पांना ती कधी लागली नाहीत. त्यांच्या लेखी तहसीलदार म्हणजे एक, पोलीस चौकी दोन, कापडदुकानदार सात आणि सरकारी दवाखाना बारा. बाजारात कोणी भेटलं की मान हलवून ते विचारायचे, "काय एकवीस, बरं हाय ना?" आणि एकवीस नंबरचा जिनिंगवालाही बिनतक्रार "बरं हाय आप्पा" म्हणायचा. एका लग्नात त्यांनी वाढप्याला सांगितलं, सोळाला जिलबी वाढ. वाढपी बिचारा पंगतीतली सोळा माणसं मोजत बसला. मला ते 'बाई' म्हणायचे. माझ्या घरी फोन नव्हता, म्हणजे मला नंबर नव्हता, म्हणून बाई.

गावाचं नाव लिहीत नाही. बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. जास्त लिहिलं तर आप्पा वरूनही माझा रिपोर्ट करतील. तिथल्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ते मुख्य ऑपरेटर होते आणि त्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढली. अख्ख्या गावाचं बोलणं ज्याच्या कानावरून गेलं आणि त्यातला एक शब्द ज्याच्या तोंडातून बाहेर आला नाही, असा तो माणूस. त्याला शेवटी फोनवरूनच लुटलं. आणि तेव्हा मी लाइनवर होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी त्यांना नावं ठेवायला लागले की वाचणाऱ्याने माझ्याकडेही बघावं.

बोर्डासमोर बसायच्या आधी आप्पा चूळ भरायचे, दाढेखाली एक लवंग ठेवायचे आणि शर्टाची वरची गुंडी लावायचे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे तर घरूनच ओढून आलेले. समोर कोण बघणार होतं? लाकडी बोर्ड, त्यावर नंबरांच्या झडपा, खाली दोऱ्या. कोणी घरचा फोन उचलला की त्याच्या नंबराची झडप पडायची, आपण दोरी खोचायची आणि विचारायचं, कोणता नंबर पाहिजे. एवढ्यासाठी इस्त्रीचा शर्ट कशाला, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. ते म्हणाले, आवाजाला कपडे कळतात. मी तोंड फिरवून हसले होते. नंतर नंतर मलाही कळायला लागलं, की समोरचा माणूस लुंगीवर बोलतोय की धोतरावर.

मयताचा फोन असला की आप्पा उठून उभे राहायचे. कानाला हेडफोन, गळ्यात वायर आणि उभे. तीन मिनिटं संपेपर्यंत उभे. कुणाचा मयत, कोणत्या जातीचा, ओळखीचा की परका, काही नाही. एकदा चकलांब्याच्या एका धनगराची म्हातारी मुंबईच्या दवाखान्यात वारली आणि तिचा मुलगा ट्रंकवर, म्हणजे बाहेरगावच्या फोनवर, नुसता रडत होता, तीन मिनिटं, सहा मिनिटं. आप्पा सहा मिनिटं उभे होते. मीही मेंढरं राखणाऱ्याच्या घरातली. त्या दिवशी मला या माणसाबद्दल जे वाटलं ते पुन्हा फार थोड्या माणसांबद्दल वाटलं.

त्यांचं एक ठाम मत होतं, की ट्रंक कॉलवर माणूस खोटं बोलत नाही. त्या काळी औरंगाबाद मिळायला चार-चार तास लागायचे. तीन मिनिटांचे पैसे ऐकून माणसाचा घसा कोरडा पडायचा. एवढं करून कोण खोटं बोलेल? खोटं बोलायला माणूस घरी येतो, फुकटात, असं ते म्हणायचे. ट्रंकवर फक्त जन्म, मरण, बाजारभाव आणि आजारपण, आणि चारीही खरे. मला हे पटायचं. अजून वाटतं, त्या बोर्डापुरतं ते खरंच होतं.

दुसरं मत जास्त कडक. "कान आपले न्हवं, बाई. खात्याचे हायेत. ड्युटी संपली की इथंच काढून ठिवायचे." हे ते नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे आणि जुन्याला दर सणाला. यात त्यांचा इतका अतिरेक होता की गेवराईला पाऊस पडला का, असं कोणी हॉटेलात विचारलं तरी ते उत्तर द्यायचे नाहीत, कारण तो पाऊस त्यांनी लाइनवर ऐकलेला असायचा. त्यांच्या सख्ख्या भावाची मोंढ्यात आडत होती. माजलगावच्या बाजारात ज्वारीचा भाव पडणार हे आप्पांना दुपारीच कळलं होतं. संध्याकाळी भाऊ शेजारी बसून चहा प्यायला, म्हणाला, उद्या दोन गाड्या उचलतोय. आप्पा म्हणाले, उचल. भाऊ त्यात असा बुडाला की पुढं सात वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. आणि आप्पांना त्यात स्वतःचं काही चुकलं असं शेवटपर्यंत वाटलं नाही.

त्याहून वाईट मुलीचं झालं. एकुलती एक मुलगी, स्थळ परळीकडचं, बघणं होऊन गेलेलं, रविवारी पाहुणे बोलणी पक्की करायला येणार होते. मुलाच्या बापाने गुरुवारी गावातल्या आपल्या एका सोयऱ्याला फोन करून सांगितलं की पोरगी सावळी आहे, आमचा विचार नाही, तुम्ही परस्पर कळवा. ती दोरी खोचली आप्पांनीच. घरी आले, जेवले, झोपले. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, शुक्रवारी रवा भाजला, शनिवारी लाडू वळले, शेजारणींकडून ताटवाट्या मागून आणल्या. आप्पा ओट्यावर बसून बघत होते. शनिवारी दिवेलागणीला तो सोयरा निरोप घेऊन आला. काकूंनी सगळे लाडू त्याच्यासमोर पातेल्यासकट गुरांच्या दावणीत ओतले, असं मला शेजारणीने सांगितलं. आप्पांना ठाऊक होतं हे काकूंना पुढं वर्षाने कळलं. त्यानंतर त्या त्यांना ताट वाढायच्या, पण समोर बसायच्या नाहीत.

आता माझं. बोर्डावर मला दुसरं वर्ष होतं. एका शिंप्याच्या पोरीचं लग्न ठरलं होतं आणि नवरदेवाचा मामा लाइनवर कोणाला तरी सांगत होता, की पहिल्या बायकोला माहेरी नेऊन सोडलंय, इकडं काही कळत नाही, बार उडवून टाका. मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी महादेवाच्या देवळामागं त्या पोरीच्या आईला गाठलं आणि सांगून टाकलं. लग्न मोडलं. पोरगी वाचली. शिंप्याने मला खण पाठवला.

आप्पांनी मला एकच विचारलं. "गावात ऐकलंस का लाइनवर?" मी म्हटलं, लाइनवर. त्यांनी तिथंच बसून, लवंग चघळत, स्वतःच्या हाताने माझा रिपोर्ट लिहिला. अक्षर सुंदर होतं त्यांचं. मी निलंबित झाले. माझ्या बापाची मेंढरं त्या आधीच्या दुष्काळात गेली होती, घर माझ्या पगारावर चाललं होतं. दोन महिने मी घरात बसून होते आणि बाप दारात बसून आल्यागेल्याला सांगायचा, पोरीला रजा मिळाली.

त्या दोन महिन्यांत दर सोमवारी काकू यायच्या. डोक्यावर पदर, कडेवर ज्वारीचं गाठोडं, वर तुरीची डाळ. "आमच्याकडं सरंना, बाई. किडं लागायचे," म्हणायच्या आणि माझ्या आईच्या हातात गाठोडं द्यायच्या. त्यांच्याकडं काही कोठार नव्हतं. दोघांच्या ताटातली ज्वारी होती ती. आप्पांनी पाठवली का, हे मी कधी विचारलं नाही. पाठवली असेलही. रिपोर्ट लिहून वर ज्वारी पाठवणारा माणूस होता तो. पण गाठोडं चालत आणलं काकूंनी, भर उन्हात, अर्धा कोस.

परत कामावर रुजू झाले तेव्हा आप्पा म्हणाले, "त्या पोरीचं भलंच केलंस तू. पण लोकं आपल्यासमोर बोलत्यात ते आपण सांगत न्हाई म्हणून. उद्या सांगाया लागलो तर ह्या गावात फोनवर कुणी खरं बोलंल का?" त्यांचं म्हणणं मला आजही खोडता आलेलं नाही, म्हणून माझा त्यांच्यावरचा राग गेला, असं मात्र कुणी समजू नये. तो राग मी लोणच्यासारखा मुरवला.

पुढं सगळं बदललं. बोर्ड गेला, आपोआप नंबर लागणारं नवं एक्सचेंज आलं, गल्लोगल्ली पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ झाले. दोन आकडी नंबर जाऊन लांबलचक नंबर झाले आणि आप्पांच्या बाजारातल्या ओळखी तुटल्या. कापडदुकानदाराला ते सात म्हणायचे आणि त्याचा पोरगा विचारायचा, हे आजोबा काय बोलतात? निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती, ती त्यांनी बिलाच्या खिडकीत काढली. निरोप समारंभात सगळे गोड बोलले. आप्पा म्हणाले, मला जुना बोर्ड विकत द्या. खात्याने तो भंगारात आधीच काढला होता.

निवृत्तीनंतर त्यांनी गावाबाहेर प्लॉटवर घर बांधायला घेतलं. भिंती झाल्या, वर तात्पुरते पत्रे टाकले, खांबांतून सळया तशाच वर. आयुष्यभर भाड्याच्या खोलीत राहिलेल्या काकूंनी एकच मागितलं होतं, डोक्यावर स्लॅब. आमच्याकडचा उन्हाळा ज्याने पत्र्याखाली काढलाय त्याला यातलं सांगावं लागत नाही. दुपारी बारा ते पाच काकू डोक्यावर ओलं फडकं ठेवून मागच्या लिंबाखाली बसायच्या. त्यांना धाप लागायची, डॉक्टरने उष्णतेला जपा म्हणून सांगितलं होतं. निवृत्तीचे पैसे त्या स्लॅबपुरतेच होते. माघ सरला की स्लॅब टाकणारा सेंटरिंगवाला यायचा, असं ठरलं होतं.

आणि कार्तिकात फोन आला. सकाळी अकरा वाजता, म्हणजे पुऱ्या दराच्या वेळेला. हे फार महत्त्वाचं. लोक तेव्हा बाहेरगावचा फोन दर उतरले की करायचे. सकाळी अकराला एसटीडी करतो तो एक तर सरकारी नाहीतर अडलेला. समोरचा माणूस हिंदीत बोलत होता, मऊ आवाजात, आणि त्याने आधी नाव नाही विचारलं, नंबर विचारला. आकडे सुटे सुटे, स्पष्ट, जसे आप्पा आम्हाला शिकवायचे तसे. मग म्हणाला, देशभरातल्या टेलिफोन ग्राहकांची सोडत झाली, त्यात तुमचा नंबर निघालाय, मोटार घ्या नाहीतर तिची किंमत रोख. फक्त कर आधी भरावा लागेल, ड्राफ्टने. आणि निकाल जाहीर होईपर्यंत घरातसुद्धा कुणाला बोलायचं नाही.

बघा, तो चोर दिल्लीत बसला होता की पाटण्यात, देव जाणे. त्याला आप्पा माहीत नव्हते. तरी त्याने एकेक गोष्ट अशी केली, की जणू आमच्या बोर्डावर बसून शिकून गेला होता. नंबर आधी. दर पुरा. बोलणं गुप्त. दुसऱ्या कुणाला 'घरात सांगू नका' म्हटलं असतं तर त्याला वास आला असता. आप्पांना वाटलं, माणूस शिस्तीचा आहे.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी तेव्हा नव्या एक्सचेंजच्या टेस्ट डेस्कवर होते. कुणाचा फोन बिघडला की तिथून त्याच्या लाइनवर जायचं, आधी कान लावून लाइन रिकामी आहे का बघायचं, मग तपासायची. आप्पा खिडकीवर आले, तक्रार लिहवून गेले की फोनवर खरखर आहे, रोज अकराला बाहेरगावचा फोन येतो, शब्द तुटतो. कुणाचा फोन, असं मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून गेल्यावर मी लाइनवर गेले. तो मऊ आवाज म्हणत होता, दोन ड्राफ्ट पोचले, आता शेवटचा, सोमवारी टाका, मग पंधरा दिवसांत रक्कम हातात. आणि घरवालीला तर काहीच कळू देऊ नका, एकदम चेहरा बघा तिचा. आप्पा त्यांच्या दख्खनी हिंदीत म्हणाले, हमारे यहाँ से बात बाहर नहीं जाती. तो हसला. आप्पाही हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना फोनवर हसताना पहिल्यांदा ऐकलं.

मला लगेच कळलं. पाटोद्याच्या एका निवृत्त मास्तरला असंच बुडवल्याचं आमच्या ऑफिसात महिनाभर चघळलं गेलं होतं. शब्दन् शब्द तोच. मी लाइन सोडली, खरखर बाहेरच्या जोडावर होती ती लाइनमनला पाठवून काढायला लावली आणि लाइन ठीक म्हणून कळवलं. तो दिवस शुक्रवार होता. शनिवार, रविवार माझ्या हातात होते. त्यांचं घर माझ्या घरापासून अर्धा कोस. काकू ज्वारी घेऊन जेवढी वाट चालून यायच्या तेवढीच.

गेले नाही. दोन दिवस मी स्वतःला सांगत होते की नियम आहे. कान खात्याचे. लाइनवर ऐकलेलं बाहेर नाही. आणि आतून एक बाई म्हणत होती, की बघू दे की यांनाही, तोंड बंद ठेवलं की काय होतं ते. माझ्या दोन महिन्यांचं मोजमाप होऊ दे. त्यात स्लॅब जाईल, त्यात काकू आहेत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला सगळं माहीत होतं. मी ते बाजूला सारलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात नीच गोष्ट मी नियमाप्रमाणे केली.

सोमवारी सकाळी आप्पा बँकेच्या वाटेवर आमच्या खिडकीशी थांबले. इस्त्रीचा शर्ट, वरची गुंडी लावलेली, लवंगेचा वास. लाइन साफ झाली, चांगलं काम केलंस बाई, म्हणाले. मग उगाच उभे राहिले. मी कागद चाळत होते. ते माझ्याकडं बघत होते, मी मान वर केली नाही. थोड्या वेळाने ते गेले.

त्यानंतर तो फोन आला नाही. पंधरा दिवस गेले, महिना गेला. आप्पांनी तक्रार नोंदवली, घंटी वाजत नाही. मी टेस्ट डेस्कवरून त्यांच्या घरी घंटी दिली. अर्धी घंटी वाजायच्या आत त्यांनी फोन उचलला आणि घाईने म्हणाले, "जी, बोलिये." मी म्हटलं, आप्पा, टेस्ट रिंग आहे, लाइन ठीक आहे. ते म्हणाले, बरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तक्रार. पुन्हा घंटी, पुन्हा "जी, बोलिये." असं पौष आणि माघ दोन्ही महिने चाललं. माणूस खोटा असेल हे त्यांच्या डोक्यात येतच नव्हतं, लाइनच बिघडली असणार. ज्या लाइनीवर आयुष्य घातलं तिला दोष दिला, पण त्या आवाजाला नाही दिला. रोज सकाळी मी ती घंटी द्यायचे आणि रोज तो "जी, बोलिये" ऐकायचे. शिक्षाच म्हणायची तर तीच मला झाली, आणि ती फार थोडी होती.

सेंटरिंगवाला आला आणि परत गेला. मग मला राहवलं नाही. चैत्रातल्या एका दुपारी मी त्यांच्या घरी गेले. आप्पा पत्र्याखाली फोनशेजारच्या खुर्चीत बसले होते, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, गुंडी तरी लावलेली. काकू मागं लिंबाखाली असाव्यात असं मला वाटलं. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की तो माणूस लबाड होता, पाटोद्यातही असंच झालं, आणि मी हे त्या शुक्रवारीच लाइनवर ऐकलं होतं. बोलले नाही.

ते फोनकडं बघत होते. मग म्हणाले, "कुणाला बोललीस?"

"कुणालाच न्हाई."

"मला ठावं होतं तू लाइनवर हायेस. टिक ऐकू आलती मला. त्या सोमवारी खिडकीवर मुद्दाम थांबलतो. म्हटलं, बाई बोलती का बघावं." त्यांनी फोनची वायर सरळ केली. "न्हाई बोललीस. शिकलीस म्हणायचं."

मी वाट बघत होते की ते शिवी देतील, काठी उचलतील. ते माझी परीक्षा घेत होते आणि मी पास झाले होते; स्वतःच्या डोक्यावरचा स्लॅब घालवून त्यांना त्याचं समाधान होतं. मी म्हटलं, चला चौकीत जाऊ, तक्रार देऊ. तर म्हणाले, लाइनवरचं बोलणं मी दोन नंबरला जाऊन सांगू? तेव्हा मला त्यांचा असा संताप आला की ती खुर्ची उलटी करावी वाटली. इतका सरळ माणूस आणि इतका निरुपयोगी. वळले तर मागच्या दारात काकू उभ्या होत्या. डोक्यावर ओलं फडकं. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. त्या आत गेल्या, मला पाणी आणून दिलं, आणि मी ते प्याले.

आप्पा त्यानंतर दोन उन्हाळे जगले. कपिलधारच्या यात्रेला जाणं सोडलं, बाजार सोडला. फोन मात्र काढू दिला नाही. गेले तेही सकाळीच, खुर्चीत. मी पोचले तेव्हा शेजारची माणसं जमली होती, अंत्यविधीसाठी जंगम बोलावायला कोणी गेलं होतं, आणि सोलापूरकडे दिलेल्या मुलीला कळवायचं राहिलं होतं. काकू म्हणाल्या, तूच लाव बाई, तुला येतंय. मी त्यांच्याच फोनवरून नंबर लावला. पलीकडं घंटी वाजायला लागली आणि मी उभी राहिले. ठरवून नाही, पाय आपोआप उठले. सांगितलं, तिचं रडणं ऐकलं, निघ म्हटलं.

बोलणं होईपर्यंत काकू भिंतीला टेकून माझ्याकडं बघत होत्या. वर पत्रे तापायला लागले होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"बस खाली," त्या म्हणाल्या. "बघाया ते न्हाईत आता."

मी बसले नाही.

"त्या शिंप्याच्या पोरीची आई तुझी कोण लागत न्हवती. तिला देवळामागं गाठून सांगितलंस." त्यांना धाप लागली, म्हणून त्या थांबल्या. "मी तुझ्या घरी ज्वारी घिऊन येत होते, बाई. मला का न्हाई सांगितलंस?"

रिसीव्हर अजून माझ्या हातात होता. तो मी जागेवर ठेवला आणि तशीच उभी राहिले.